दिवाळी अंकासाठी कथा लिहिताना: बैठक, मुदत आणि लिहिणाऱ्याची प्रकृती

मराठीतील दिवाळी अंकांची परंपरा काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’च्या १९०९ सालच्या अंकापासून मोजली जाते, आणि शतक उलटून गेले तरी मराठी कथाकाराचे वर्ष आजही बऱ्याच अंशी याच अंकांच्या मुदतीवर चालते. अंक दिवाळीच्या आधी विक्रीला यायचा असेल, तर त्याआधी छपाई आणि बांधणी, त्याआधी मुद्रितशोधन, त्याआधी मांडणी आणि चित्रकाराला द्यायचा वेळ, असा हिशेब मागे मागे जातो आणि संपादकाचा निरोप येतो की कथा जुलैअखेर, फार तर ऑगस्टच्या मध्यापर्यंत हवी. लिहिणारे बहुतेक जण दिवसभर नोकरी करणारे, शिकवणारे, शेती किंवा दुकान सांभाळणारे, घर चालवणारे असतात. त्यामुळे मे-जून सरतात, कथा डोक्यातच राहते, आणि शेवटच्या आठ दिवसांत रात्री जागून, चहावर चहा घेत, मान धरेपर्यंत बसून ती कशीबशी कागदावर उतरते.

या धावपळीला आपल्याकडे एक प्रकारचा मान आहे. झपाटल्यासारखे लिहून टाकले, असे कौतुकाने सांगितले जाते आणि त्यासाठी साने गुरुजींचा दाखला हमखास दिला जातो. ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ अशा पाच दिवसांत लिहून झाले, हे खरे आहे. पण ज्या आठवणी त्या पाच दिवसांत कागदावर आल्या, त्या गुरुजींनी जन्मभर मनात जपलेल्या होत्या. घडवायचे असे फारसे काही शिल्लक राहिलेले नव्हते. आपल्या कथेचे पात्र अजून पुरते उभे राहिलेले नसताना पाच रात्रींच्या जागरणाने ते उभे राहील, असे या दाखल्यावरून मुळीच सिद्ध होत नाही. माझे ठाम मत असे आहे की शेवटच्या आठवड्यात लिहिलेल्या कथेचा शेवट थकलेला असतो आणि तो थकवा वाचकाला कळतो. म्हणून लेखनाची सवय आणि शरीराची काळजी हे दोन वेगळे विषय न मानता एकाच वेळापत्रकात कसे बसवावेत, हे पुढे टप्प्याटप्प्याने मांडले आहे.

पहिला टप्पा: मुदतीपासून मागे मोजणे

संपादकाने निमंत्रण दिले असेल तर तीन गोष्टी लगेच विचारून घ्याव्यात: शब्दमर्यादा किती, मुदत कोणती, आणि मजकूर युनिकोडमध्ये हवा की अन्य कोणत्या फाँटमध्ये. निमंत्रण नसेल तर ज्या अंकाला कथा पाठवायची आहे त्याचे मागील दोन-तीन वर्षांचे अंक ग्रंथालयातून आणून तिथल्या कथांची लांबी आणि वळण पाहावे.

समजा कथा सुमारे ४,००० शब्दांची व्हायची आहे. दिवसभराचे काम सांभाळून एका बैठकीत २५० शब्द लिहिणे बहुतेकांना जमते. म्हणजे कच्च्या खर्ड्याला १६ बैठका लागतील, आणि आठवड्यातून चार बैठका धरल्या तर चार आठवडे. त्यानंतर दोन आठवडे कथा बाजूला ठेवायची आणि पुढचे तीन आठवडे फेरलेखनाला द्यायचे. हे झाले नऊ आठवडे. यात मे महिन्यातील लग्नकार्ये, सुट्टीत आलेले पाहुणे, जूनमध्ये उघडणाऱ्या शाळा आणि पहिल्या पावसाबरोबर घरात येणारी सर्दी-तापाची साथ यांसाठी तीन आठवडे मिळवावेत, कारण हे सगळे दरवर्षी येते आणि दरवर्षी आपण ते विसरतो. जुलैअखेरपासून बारा आठवडे मागे मोजले की मेचा पहिला आठवडा येतो. एप्रिल महिना कथाबीज निवडण्यासाठी आणि टिपणे काढण्यासाठी ठेवला, तर लिहायला बसताना पाटी कोरी नसते.

अधिक मासाच्या वर्षी दिवाळी लांबते. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. मात्र दिवाळी लांबली म्हणून मुदतही लांबेल, असे गृहीत धरू नये. संपादकाला विचारावे आणि तो सांगेल तीच तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवावी.

याच टप्प्यावर आणखी एक निर्णय घ्यायचा असतो आणि तो अवघड असतो. एका हंगामात किती कथा लिहायच्या? नोकरी करणाऱ्याने एक, फार तर दोन, असे मला वाटते. मागणी आली की आनंद होतो, नाही म्हणणे उद्धटपणाचे वाटते, आणि मग एकाच अनुभवाचे चार तुकडे करून ते चार अंकांना दिले जातात. ‘आपण आठवण ठेवलीत याचा आनंद आहे, या वर्षी एका कथेचा शब्द आधीच दिला असल्याने आपल्या अंकाला न्याय देता येणार नाही, पुढील वर्षासाठी जानेवारीतच कळवले तर नक्की लिहिता येईल,’ एवढे नम्रपणे कळवले तर कोणताही समंजस संपादक रागावत नाही.

दुसरा टप्पा: बसायची जागा

स्वतंत्र अभ्यासिका असणारे लेखक थोडे. बहुतेक जण जेवणाच्या टेबलावर, पलंगाच्या कडेला किंवा जमिनीवर मांडी घालून लिहितात. जागा कोणतीही असो, बसल्यावर पाऊले जमिनीवर किंवा एखाद्या पाटावर पूर्ण टेकली पाहिजेत, कोपर साधारण काटकोनात राहिले पाहिजे आणि खांदे वर उचललेले नसावेत. पडदा हातभर अंतरावर आणि त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी. लॅपटॉपची अडचण अशी की कळफलक योग्य उंचीवर ठेवला तर पडदा खाली जातो, म्हणून लॅपटॉप चार जाड पुस्तकांवर ठेवून वेगळा कीबोर्ड जोडणे हा कमी खर्चाचा आणि फार उपयोगी उपाय आहे. मांडी घालून लिहिणाऱ्यांनी जुन्या कारकुनांकडे असे तसा उतरत्या फळीचा बैठा डेस्क मिळाल्यास जरूर घ्यावा. कागद तिरका राहिला की मान कमी वाकते. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी मात्र जमिनीवर लांब बैठक मारण्याचा हट्ट धरू नये.

मोबाइलवर संपूर्ण कथा लिहिणारे आता पुष्कळ आहेत. त्यात कमीपणा काही नाही, पण अंगठ्यांवर येणारा ताण आणि खाली झुकलेली मान यांचा विचार करायला हवा. फोन छातीच्या उंचीवर धरावा, कोपरांखाली उशी घ्यावी आणि मधूनमधून मराठी बोलून टंकन करण्याची सोय वापरावी. ज्यांना पुढची कित्येक वर्षे लिहायचे आहे त्यांनी इन्स्क्रिप्ट कळफलक शिकून घ्यावा, असा माझा आग्रह आहे. त्यात स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला येतात, त्यामुळे दोन्ही हात आळीपाळीने चालतात आणि रोमन अक्षरांतून मराठी टाइप करताना होणारी मनाची ओढाताण थांबते. पहिले काही आठवडे वेग मंदावतो. म्हणून हा सराव हंगामाच्या तोंडावर न करता हिवाळ्यात करावा.

तिसरा टप्पा: बैठक

सगळ्या लेखाचा गाभा हा आहे, म्हणून इथे थोडे थांबतो.

बैठकीची वेळ ठरलेली असावी आणि ती घरातल्या सगळ्यांना माहीत असावी. पहाट की रात्र, यावर वाद घालण्यात अर्थ नाही; ज्या वेळी आपली झोप न मोडता चाळीस-पंचेचाळीस मिनिटे सलग मिळतात ती वेळ योग्य. पहाटे पाचला उठायचे असेल तर रात्री दहाला निजण्याची व्यवस्था आधी करावी, एरवी चार दिवसांत ती सवय मोडते. घरातल्या स्त्रीने लिहायचे असते तेव्हा प्रश्न वेळापत्रकाचा कमी आणि घराच्या मान्यतेचा जास्त असतो. सगळ्यांची कामे आटोपल्यावर उरलेल्या वेळात लिही, असे तिला न सांगता, त्या पाऊण तासात दार वाजले, कुकरची शिट्टी झाली, मुलाला वही सापडली नाही, तर कोण उठणार हे घरात बोलून ठरवावे लागते. हे ठरल्याशिवाय बाकीच्या सूचना तिच्या उपयोगाच्या नाहीत.

बसल्यावर पहिली पाच मिनिटे मागच्या बैठकीतला शेवटचा परिच्छेद वाचावा, फक्त शेवटचा. सुरुवातीपासून वाचायला घेतले की हात दुरुस्तीकडे वळतो आणि पहिले पान दहादा घासून गुळगुळीत होते, तर पाचवे पान जन्मालाच येत नाही. त्यानंतर अर्धा तास फक्त पुढे जावे. शब्द आठवला नाही तर तिथे फुली मारावी. गावाचे नाव, सालाचा तपशील, नात्याचा घोळ, यांपैकी काहीही तपासायला फोन उघडू नये. फोन दुसऱ्या खोलीत ठेवणे हा यावरचा सर्वांत खात्रीचा मार्ग. शेवटची पाच मिनिटे उद्यासाठी टाचण लिहायला राखून ठेवावीत, आणि शक्यतो पुढे काय घडणार हे ठाऊक असतानाच थांबावे.

टाचण कसे असावे, हे एका उदाहरणाने दाखवतो. निवृत्त एस.टी. वाहकाची कथा आहे, असे धरू. बैठक संपताना वहीच्या तळाशी एवढेच लिहिलेले असावे:

‘दत्तू माळ्यावरून पत्र्याची तिकीटपेटी काढतो. पंच गंजलेला. सून विचारते, भंगारात द्यायची का? तो उत्तर देत नाही. लाइटबिलाचा कागद पंचात धरून दाबतो. भोक पडते की नुसता वळ उठतो, हे उद्या ठरवायचे.’

या टाचणात कृती आहे, एक वस्तू आहे, एक बोलणे आहे आणि एक उघडा प्रश्न आहे. ‘उद्या दत्तूच्या एकटेपणाबद्दल लिहायचे’ असे टाचण निरुपयोगी ठरते, कारण दुसऱ्या दिवशी एकटेपणा कुठून सुरू करायचा हे कळत नाही आणि अर्धा तास पडद्याकडे बघण्यात जातो. पंच दाबल्यावर काय होते, हे मात्र कोणालाही बसल्या बसल्या लिहिता येते. दिवसभर ऑफिसात, बसमध्ये, भाजी निवडताना मन त्या पंचाशी खेळत राहते, आणि पुढची बैठक सुरू होते तेव्हा उत्तर बहुधा तयार असते.

काही दिवस २५० शब्द होत नाहीत. त्या दिवशी शंभर लिहावेत, पण बसण्याची वेळ सोडू नये. उलट सूर लागला म्हणून तीन तास बसण्याचा मोहही आवरावा. दुसऱ्या दिवशी अंग मोडून येते, बैठक चुकते आणि एकंदर हिशेबात तोटाच होतो.

ज्यांचे दोन-तीन तास रोज लोकलमध्ये किंवा बसमध्ये जातात, त्यांना सलग बैठक आठवड्यातून दोनदाच मिळते. त्यांनी प्रवासात बोलून लिहावे. गर्दीत कागद काढता येत नाही, पण स्टेशनपासून घरापर्यंत चालताना पात्रांचे संवाद फोनमध्ये ध्वनिमुद्रित करता येतात आणि रविवारी ते उतरवून काढता येतात. बहिणाबाई चौधरी यांना लिहिता येत नव्हते. जात्यावर दळताना, शेतात राबताना त्या ओव्या रचून म्हणत आणि त्यांचे चिरंजीव सोपानदेव व घरातील मंडळी त्या टिपून ठेवत. हाताला काम असताना भाषा सुचते, हे आपल्या परंपरेला चांगले ठाऊक आहे. बोललेल्या संवादांत एक लाभ असा की ते कानाला खरे वाटतात. पुस्तकी वाक्य मोठ्याने उच्चारताना जीभच अडखळते.

चौथा टप्पा: कथा अडली तर

कथा अडण्याची कारणे वेगवेगळी असतात आणि प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे, म्हणून नुसते ‘सुचत नाही’ असे म्हणून थांबू नये. बहुतेक वेळा लेखकाला पात्राच्या जगाची पुरेशी माहिती नसते. वाहकाची ड्युटी कशी लावतात, रात्रीच्या मुक्कामी गाडीतला वाहक कुठे झोपतो, दिवसअखेर रोख कोणाकडे भरतो, हे ठाऊक नसेल तर कथा पुढे जाणारच नाही. अशा वेळी लिहिणे थांबवून एखाद्या आगारात जावे, जवळच्या चहाच्या टपरीवर निवृत्त वाहकांशी तासभर बोलावे. तास वाया गेला असे वाटत नाही, आणि कथेला अनपेक्षित तपशील मिळतात.

दुसरे कारण म्हणजे चुकीचा निवेदक. तिसऱ्या पुरुषात अडलेले पान सुनेच्या तोंडून लिहून पाहावे. एका बैठकीत उत्तर मिळते. तिसरे कारण भीती: घरच्यांना काय वाटेल, गावात ओळखतील का? खर्डा कोणालाही दाखवायचा नाही, हे स्वतःला बजावले की ही भीती फेरलेखनापर्यंत पुढे ढकलता येते. आणि कित्येकदा कारण एवढेच असते की माणूस दमलेला असतो. त्या दिवशी निजावे.

अडलेल्या कथेवर चालण्याइतका गुणकारी उपाय माझ्या पाहण्यात नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवते. रोज पंचवीस-तीस मिनिटे झपझप चालले तर तेवढे होते, आणि लेखकाला त्यातून कथेची गाठ सोडवायला निवांतपणाही मिळतो. कानात गाणी किंवा बातम्या लावून चालल्यास हा दुसरा फायदा जातो. जून-जुलैच्या झडीत बाहेर पडता येत नाही, तेव्हा इमारतीचा जिना किंवा घराची पडवी वापरावी. पाऊस हे कारण त्याच महिन्यांत पुढे येते ज्या महिन्यांत आपण सर्वांत जास्त बसून असतो.

पाचवा टप्पा: डोळे, मनगट, झोप आणि चहा

पडद्याकडे पाहताना पापण्यांची उघडझाप बरीच कमी होते, त्यामुळे डोळे कोरडे पडून चुरचुरतात. दर २० मिनिटांनी २० फुटांवरच्या, म्हणजे साधारण सहा मीटरवरच्या वस्तूकडे २० सेकंद पाहावे, हा नेत्रतज्ज्ञ सुचवीत असलेला साधा नियम आहे. समोर खिडकी असेल तर पलीकडच्या झाडाकडे पाहावे. चाळिशीनंतर जवळचा चष्मा लागतो. तो लागला आहे हे मान्य न करता अक्षरे मोठी करत राहणारे लेखक आपणहून डोकेदुखी ओढवून घेतात.

मनगट कळफलकावर टेकवून वर वाकवले की त्यातून जाणाऱ्या मज्जातंतूवर दाब येऊ शकतो. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची बाजू बधिर होणे, मुंग्या येणे आणि विशेषतः रात्री झोपेतून त्या त्रासाने जाग येणे, ही त्याची लक्षणे आहेत. अशी लक्षणे दिसल्यास मलम चोळत महिनाभर काढू नये. अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे, कारण सुरुवातीला हा त्रास पट्टा आणि विश्रांती यांनीही आटोक्यात येऊ शकतो. दरम्यान हाताने लिहिणे, टंकन आणि बोलून लिहिणे यांची आलटापालट करावी.

चहाबद्दल कठोर बोलणे मला जड जाते, तरी सांगितले पाहिजे. कॅफीनचे शरीरातील प्रमाण निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात, काहींना त्याहून अधिक. रात्री दहाला घेतलेल्या कपातले निम्मे कॅफीन पहाटे तीनला अंगात असते, आणि झोप लागली तरी ती गाढ लागत नाही. बैठक रात्रीची असेल तर शेवटचा चहा संध्याकाळी पाचच्या आत घ्यावा आणि लिहिताना शेजारी पाण्याचा तांब्या ठेवावा. प्रौढ माणसाला सात तास झोप लागते. हंगाम आहे म्हणून ती पाचावर आणली की पहिला घाला शब्दांच्या निवडीवर पडतो: विशेषणे वाढतात, संवाद लांबतात, आणि आपल्याला मात्र उत्तम चालले आहे असे वाटत राहते. सिगारेट किंवा तंबाखू लेखनाला लागतेच, ही समजूत तर सोडूनच द्यावी. लागत असते ती पाच मिनिटांची उसंत; ती गच्चीत उभे राहूनही मिळते.

सहावा टप्पा: मनाला जड जाणारे लिहिताना

चांगल्या कथा बहुधा दुखऱ्या जागेवरून येतात. आईचे आजारपण, घरातली मारहाण, जातीवरून झालेला अपमान, कर्ज, वाटण्या. असे लिहिताना लेखक तो प्रसंग पुन्हा जगतो आणि त्याचा परिणाम बैठकीनंतरही टिकतो. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटे, आपल्या आयुष्यातील क्लेशकारक घटनांबद्दल लिहायला सांगितले होते. लिहून झाल्यावर लगेच त्यांची मनःस्थिती अधिक खिन्न झाली, पण पुढील महिन्यांत भावना आणि घटना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्यातील फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. लेखकाने यातून दोन व्यावहारिक गोष्टी घ्याव्यात: अशा लेखनाला वेळेची मर्यादा घालावी, आणि लिहून झाल्यावर मन खाली जाईल हे धरून चालावे.

त्यासाठी वेगळी वही ठेवावी. तिच्यात जे घडले ते जसेच्या तसे, पंधरा-वीस मिनिटे, कथेचा विचार न करता लिहावे. कथेच्या बैठकीत ती वही उघडू नये. कथेसाठी त्यातला एखादाच तपशील, एखादी वस्तू, एखादे वाक्य पुरते. मनातले ओकून टाकणे आणि कथा रचणे ही दोन निराळी कामे आहेत, आणि ती एकाच कागदावर केली की दोन्ही अर्धवट राहतात. असे लेखन निजण्याच्या तोंडावर करू नये, आणि ते संपल्यावर हाताला साधे काम द्यावे: भांडी लावणे, झाडांना पाणी घालणे, मुलाचा अभ्यास घेणे.

सलग दोन आठवडे झोप उडाली, जेवण नकोसे झाले, कशातच रस उरला नाही किंवा जगणे नको असे विचार येऊ लागले, तर कथा बाजूला ठेवावी आणि डॉक्टरांना गाठावे. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आणि मराठीतूनही बोलता येते. मदत घेतली तर लेखनातली धार जाईल, असे काही जणांना वाटते. बरे वाटू लागल्यावर माणूस अधिक स्थिर हाताने लिहितो, हेच मी पाहत आलो आहे.

सातवा टप्पा: फेरलेखन

दोन आठवडे कथा खरोखर बंद ठेवावी. मग तिची छापील प्रत काढावी, कारण पडद्यावर न दिसणारी पुनरुक्ती कागदावर दिसते. पहिले वाचन हातात पेन न घेता करावे आणि कुठे कंटाळा आला एवढेच लक्षात ठेवावे. कंटाळा आलेली पाने बहुतेक वेळा सुरुवातीची असतात. पहिले दीड पान काढून टाकले तर कथा जागेवर सुरू होते, असे कितीतरी खर्ड्यांत आढळते.

त्यानंतर मोठ्याने वाचावे आणि सांगितलेल्या भावना शोधाव्यात. खर्ड्यात ‘पंच चालत नाही हे पाहून दत्तूला फार वाईट वाटले’ असे वाक्य असेल, तर तिथे ‘दत्तूने बिलाचा कागद उजेडात धरला. भोक पडले नव्हते. त्याने कागदाची घडी घातली आणि तो पुन्हा पंचात सरकवला,’ असे काही येऊ शकते. वाईट वाटले हा शब्द गेला आणि वाटणे राहिले. प्रत्येक भावनेबाबत असे करू नये, कथा दमते. तीन-चार मोक्याच्या जागी केले की पुरे.

पहिला वाचक एकच निवडावा, आणि तो नुसता आवडले म्हणणारा नसावा. त्याला ‘कशी वाटली?’ असे न विचारता ‘कुठे थांबलास? कोणता प्रसंग कळला नाही?’ असे विचारावे. शुद्धलेखन सर्वांत शेवटी पाहावे. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार, असे अठरा नियम एकत्र मिळतात, ते छापून जवळ ठेवावेत. संवादांतली बोली मात्र या नियमांनी सपाट करू नये.

आठवा टप्पा: पाठवल्यानंतर

कथा एका वेळी एकाच अंकाला पाठवावी आणि सोबतच्या पत्रात उत्तर कधीपर्यंत अपेक्षित आहे हे नम्रपणे विचारावे. युनिकोडमधून छपाईच्या फाँटमध्ये जाताना जोडाक्षरे बिघडतात, विशेषतः ‘ऱ्या’ आणि ‘ऱ्हा’ यांसारखी. म्हणून मुद्रित मागून ते स्वतः तपासण्याची तयारी दाखवावी. कथा कोणत्या तारखेला, कुठे पाठवली, उत्तर काय आले, मानधन किती ठरले आणि मिळाले का, याची नोंद एका वहीत ठेवावी.

कथा गेल्यानंतरचा ऑगस्ट महिना लेखनातून सुट्टी घेण्याचा आहे. या काळात इतरांचे वाचावे, राहिलेली दातांची आणि डोळ्यांची तपासणी करून घ्यावी, चालणे सुरू ठेवावे. दिवाळीच्या सुमारास समाजमाध्यमांवर ‘या वर्षी माझ्या सात कथा’ अशा अनुक्रमणिकांची छायाचित्रे येऊ लागतात. आपली कथा साभार परत आलेली असेल तर ते दिवस जड जातात, आणि तेवढे दोन आठवडे ती माध्यमे बंद ठेवणे हा पळपुटेपणा मुळीच नाही. परत आलेल्या कथेत संपादकाने काही कारण कळवले असेल तर ते वहीत उतरवून घ्यावे, पण त्याच दिवशी कथा उघडू नये. नाकारण्याची कारणे जागा, विषयांचा तोल आणि आधी स्वीकारलेल्या कथा अशीही असतात. नोव्हेंबर सरला की ती पुन्हा मोठ्याने वाचावी, गरज वाटली तर एक फेरलेखन करावे आणि वर्षभर निघणाऱ्या मासिकांकडे किंवा त्रैमासिकांकडे पाठवावी. तिथे मुदतीची घाई नसते आणि संपादकाला उत्तर द्यायलाही अधिक वेळ असतो.